पहिली वेबसाइट कोणत्या सॉफ्टवेअरवर करायची? नाशिकच्या छोट्या व्यावसायिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मार्च २०२४ मध्ये गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट बंद केल्या. काही महिने जुन्या लिंक प्रोफाइलकडे वळत राहिल्या, मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर, बिलबुकावर, दुकानाच्या पाटीवर छापून घेतला होता त्यांचा छपाईचा खर्च वाया गेला. ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेन होतं, त्यांनी तेच डोमेन दुसऱ्या साइटकडे वळवलं आणि ग्राहकाला काही कळलंसुद्धा नाही.

म्हणून वेबसाइटचं सॉफ्टवेअर निवडताना टेम्प्लेट (तयार नमुने) किती सुंदर आहेत हे सगळ्यात शेवटी बघा. आधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा. साइट सुरू झाल्यावर तिच्यात बदल कोण करणार? आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं, तर आपल्याला सोबत काय नेता येईल? या दोन उत्तरांवरच बहुतेक वेळा निवड होऊन जाते.

## तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखा

डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली जिथे राहतात ती जागा, आणि सॉफ्टवेअर म्हणजे ज्यात आपण पानं तयार करतो ते. विक्स, शॉपिफाय यांसारख्या सेवांमध्ये होस्टिंग आणि सॉफ्टवेअर एकत्रच मिळतं, वेगळं करता येत नाही. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, होस्टिंग आपण आपलं घ्यायचं. डोमेन मात्र या सगळ्यापासून स्वतंत्र ठेवा, आणि ते स्वतः विकत घ्या. साइट भाचा करून देणार असो किंवा कॉलेज रोडवरची एजन्सी, डोमेनचं खातं तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइल नंबरवर आणि तुमच्या ईमेलवर हवं. खर्च साधारण असा: डॉट इन वर्षाला ५०० ते १,००० रुपये, डॉट कॉम १,००० ते १,५०० रुपये. वर जीएसटी.

डोमेन घेताना तीन बारकावे आहेत. खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडल्यावर नूतनीकरणाची सूचनाही मिळणार नाही. डॉट कॉम घेतल्यावर पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत त्यातल्या लिंकवर क्लिक केलं नाही तर डोमेन तात्पुरतं बंद होतं, आणि 'साइट अचानक गेली' म्हणून शोधाशोध सुरू होते. तिसरं, नावात नाशिक असेल तर रोमन स्पेलिंग एचसह आणि एचशिवाय असं दोन्ही चालतं. शक्य असेल तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत डोमेनही मिळतं, पण अनेक ऑनलाइन फॉर्म आणि ईमेल सेवा ते अजून नीट स्वीकारत नाहीत. ते जोडीला ठेवा, मुख्य पत्ता करू नका.

## कागदावरचं काम

संगणक सुरू करायच्या आधी एका कागदावर पानांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की ते पान किती वेळा बदलेल. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतलं जॉबवर्क युनिट घ्या. पानं सहा: आमच्याबद्दल, मशिनांची यादी क्षमतेसह, केलेल्या कामाचे फोटो, प्रमाणपत्रं, नकाशा, संपर्क. बदल वर्षातून दोनदा. याला गूगल साइट्स किंवा साधी एचटीएमएल (वेबपानांची मूळ भाषा) पानं पुरतात. इथे वर्डप्रेस लावलं, तर सहा पानांसाठी वर्षभर अपडेट सांभाळत बसावं लागतं.

गंगापूर रोडवरच्या क्लासचं गणित वेगळं. वेळापत्रक दर महिन्याला बदलतं, निकाल लागले की नवीन पान, पालकांसाठी सूचना. नियमित बदल आणि वाढता मजकूर असेल तिथे वर्डप्रेसला तोड नाही.

पंचवटी किंवा त्र्यंबकेश्वरचं लॉज असेल तर खोल्यांचे फोटो, दर, घाटापासूनचं अंतर आणि चौकशीचा मार्ग एवढंच महत्त्वाचं. २०२६-२७ च्या सिंहस्थामुळे ही साइट एकाच काळात खूप जण उघडतील, तीही मोबाइलवर आणि गर्दीत अडखळणाऱ्या नेटवर्कवर. तेव्हा हलकी साइट हवी. सॉफ्टवेअर वर्डप्रेस असो की विक्स, सरकते फोटो आणि पार्श्वभूमीचा व्हिडिओ अजिबात नको.

आणि माल विकायचा असेल, म्हणजे पिंपळगावचे मनुके, येवल्याची पैठणी, तर प्रश्न पूर्ण बदलतो. त्यावर पुढे सविस्तर.

## पर्याय एकेक करून

गूगल साइट्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, स्वतःचं डोमेन जोडता येतं, आणि गूगल डॉक्स वापरणाऱ्याला एका दुपारी जमतं. खरेदीची कार्ट नाही, प्लगइन (जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) नाहीत, रचनेवर फारसं नियंत्रण नाही. चौकशीसाठी गूगल फॉर्म चिकटवायचा. एकच काळजी घ्या: साइट ज्या गूगल खात्यात तयार होते त्याच्या मालकीची होते. ऑफिसातल्या मुलाच्या खात्यात केली आणि त्याने नोकरी सोडली, तर साइटही त्याच्याकडेच राहते.

एचटीएमएल पानं स्वतः लिहिणं पूर्वी अवघड होतं. आता एआयला सांगून सहा पानांची नेटकी साइट तयार करून घेता येते आणि ती क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायवर फुकट ठेवता येते. हॅक होण्यासारखं त्यात फारसं काही नसतं, वेगही उत्तम. फोन नंबर बदलायला मात्र प्रत्येक फाइल उघडावी लागते. घरात कुणाला हे जमत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

ब्लॉगर ही गूगलची सेवा फक्त लेखनासाठी. फुकट आहे, डोमेन जोडता येतं, सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. धंद्याच्या साइटसाठी ओढूनताणून वापरू नका.

विक्स २००६ पासून आहे. उचला आणि हवं तिथे ठेवा, असं काम. ज्याला तांत्रिक गोष्टींत जीव रमवायचा नाही आणि दर महिन्याला पैसे द्यायची तयारी आहे, त्याला हे सोयीचं आहे. फुकट प्लॅनमध्ये विक्सची जाहिरात दिसते आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, म्हणून तो फक्त चाचणीसाठी धरा. नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा टेम्प्लेट निवडून साइट उभी केली की तीच साइट दुसऱ्या टेम्प्लेटवर नेता येत नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. मजकूर कॉपी करून न्यायचा आणि पानं नव्याने बांधायची. पाच पानं असतील तर हरकत नाही, दोनशे असतील तर तो मोठा खर्च आहे.

वर्डप्रेसबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण बहुतेकांची गाडी शेवटी इथेच येते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली ते सुरू केलं, ते मुक्त परवान्याखाली आहे आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. तुमच्यासाठी या आकड्याचा अर्थ एवढाच की बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस नाशिकमध्येच मिळेल, एकाशी जमलं नाही तर दुसरा मिळेल. साइट फायली आणि डेटाबेससकट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते. हे स्वातंत्र्य फुकट मिळत नाही. अपडेट, बॅकअप, सुरक्षा ही जबाबदारी तुमची.

गोंधळ होतो तो डॉट ऑर्ग आणि डॉट कॉमचा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर सॉफ्टवेअर मिळतं, ते आपल्या होस्टिंगवर बसवायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे, होस्टिंगसकट. त्यात काय करता येईल हे प्लॅनवर ठरतं. या लेखात वर्डप्रेस म्हणजे पहिलं.

थीम म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा; ती फुकटातली घ्या: ॲस्ट्रा, केडन्स किंवा जनरेटप्रेस. ॲस्ट्रा पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची आहे. एडिटर वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटरच वापरा. डिसेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा तो कच्चा होता, आता नवशिक्याला पुरून उरतो. एलिमेंटरसारखे पेज बिल्डर, म्हणजे पानं जुळवायचे वेगळे प्लगइन, बघायला सोपे वाटतात, पण साइट जड करतात. पुढे बिल्डर काढून टाकला की मजकूर उरतो, मांडणी जाते. काही जुन्या बिल्डरांत तर चौकटी कंसांतले कोड पानभर पसरून राहतात.

होस्टिंग घेताना हे विचारा: सर्व्हर मुंबईत मिळेल का, रोजचा बॅकअप आहे का, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची) आठवी आवृत्ती किंवा पुढची आहे का, एसएसएल (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र) फुकट आहे का, आणि नूतनीकरणाचा दर किती. लेट्स एन्क्रिप्टचं एसएसएल फुकट असतं आणि आपोआप नव्याने बसतं, त्यासाठी वर्षाला हजार-दोन हजार मागणाऱ्याला नाही म्हणा. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनमध्येही फायलींच्या संख्येवर मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या वेगवेगळ्या आकारांच्या अनेक प्रती करतं आणि त्याच होस्टिंगवरचे ईमेलही मोजले जातात, त्यामुळे जागा रिकामी दिसत असताना 'मर्यादा संपली' असा संदेश येतो. छोट्या साइटला ५ ते १० जीबी भरपूर झाली.

## मराठी मजकुराची परीक्षा

इंग्रजी लेखांमधून सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांना हा भाग कुणी सांगत नाही, आणि आपल्याला त्रास नेमका इथेच होतो.

पत्रकाचा, जाहिरातीचा जुना मजकूर डीटीपीवाल्याकडून मागवलात तर तो बहुधा श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये असतो. तो वेबसाइटवर चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरांत, आणायचा आणि मग डोळ्यांखालून घालायचा. रफार, पहिली वेलांटी आणि अर्धी अक्षरं इथे हमखास घसरतात. 'कार्यक्रम'चा रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला छापील पत्रकात कुणी सोडून देईल, पण गूगलला तो शब्द सापडणारच नाही.

सॉफ्टवेअर आणि थीम तपासायला ही ओळ शीर्षकात, ठळक अक्षरांत आणि साध्या परिच्छेदात, तिन्ही ठिकाणी टाकून बघा: 'ऱ्हास, द्वंद्व, सुऱ्या, वाङ्मय, ज्ञानेश्वर, ॲप, मॉल, कृष्ण, श्रद्धा.' फाँट कच्चा असेल तर जोडाक्षरं फुटतात, ॲ च्या जागी चौकोन येतो. शीर्षकात वेलांटीचा वरचा भाग कापला जात असेल, तर थीमने दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलंय. देवनागरी मजकुराला ते अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट हवं, शीर्षकाला निदान १.३ पट. आणि शिरोरेषा तुटक तुटक दिसत असेल तर थीमच्या शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं, आपली ओळ मात्र मधेच तुटते. लेटर स्पेसिंग शून्य करा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टी बदलता येत नाहीत, ते मराठी साइटसाठी घेऊ नका.

फाँट 'मुक्त' (Mukta), 'हिंद' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांपैकी एक निवडा. साध्या आणि ठळक अशा दोनच जाडी लोड करा. देवनागरी फाँटची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. त्यामुळे ब्राउझरला भाषा कळते आणि नोटोसारखे फाँट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाही.

लिंकचं प्रकरण तर खास वर्डप्रेसचं. मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ताही देवनागरीत तयार होतो. पण आत साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हं होतात, आणि पत्त्याला वर्डप्रेसमध्ये २०० चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो. दोन लांब शीर्षकांची सुरुवात सारखी असेल तर दोन्हींचे पत्ते सारखे होतात आणि वर्डप्रेस एकाच्या शेवटी आकडा जोडून मोकळं होतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेली अशी लिंक चार ओळींची अगम्य अक्षरं होऊन बसते, आणि लोक ती उघडायला घाबरतात. प्रकाशित करण्याआधी पानाचा पत्ता हाताने रोमनमध्ये, तीन-चार शब्दांत लिहा. पर्मालिंकची, म्हणजे पानाच्या कायमच्या पत्त्याची, रचना 'पोस्ट नेम' ठेवा, आणि नंतर बदलू नका.

फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांतच द्या, म्हणजे मोबाइलवर बोट ठेवलं की फोन लागेल. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबराआधी ९१ हवा. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा यातलं काही नको.

## माल विकायचा असेल तर

दोन मुख्य पर्याय: वर्डप्रेसवर वूकॉमर्स (वर्डप्रेसला दुकान जोडणारं प्लगइन), किंवा शॉपिफाय (ऑनलाइन दुकानाची तयार सेवा). शॉपिफाय नीटनेटकं आहे, सहसा बंद पडत नाही, ऑर्डर सांभाळणं सोपं. पण भारतात त्यांची स्वतःची पेमेंट सेवा नाही, त्यामुळे रेझरपे किंवा पेयूसारखा गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, जोडावा लागतो, आणि बाहेरचा गेटवे वापरल्याबद्दल बेसिक प्लॅनवर शॉपिफाय दर ऑर्डरमागे २ टक्के घेतं. हजार रुपयांच्या मनुक्यांचा हिशोब मांडा: गेटवेचे साधारण २ टक्के म्हणजे २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे, शॉपिफायचे आणखी २०. जवळपास ४४ रुपये गेले, प्लॅनचं मासिक भाडं वेगळं. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डर असतील तर फरक जाणवत नाही. लाखाची विक्री असेल तर त्या २ टक्क्यांचेच दोन हजार होतात, आणि वूकॉमर्ससाठी चांगलं होस्टिंग त्यात सहज बसतं.

वूकॉमर्सचे स्वतःचे दोन त्रास आहेत. पहिला, वजनाप्रमाणे कुरिअरचा दर त्यात मुळात नाही. ठरावीक दर, मोफत डिलिव्हरी आणि दुकानातून घेऊन जाणे एवढंच आहे. पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशी पाकिटं असतील आणि महाराष्ट्रात एक दर, बाहेर दुसरा असेल तर वजनाच्या टप्प्यांचं प्लगइन आधी बसवा. दुसरा, हजारांच्या खुणा इंग्रजी पद्धतीने पडतात: सव्वा लाखाची पैठणी १,२५,००० ऐवजी १२५,००० अशी दिसते. किंमत वाचताना ग्राहक अडखळतो. छोट्या प्लगइनने किंवा चार ओळींच्या कोडने ते दुरुस्त होतं; करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

मालाचं वजन भरताना तराजूवरचं लिहू नका, पॅकिंग झाल्यावरचं लिहा, आणि आकारमानाचंही बघा. कुरिअरवाले साधारणपणे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते जास्त आलं तर तेच धरतात. पैठणीचा खोका ४० गुणिले ३० गुणिले ८ असेल तर ९,६०० भागिले ५,०००, म्हणजे १.९२ किलो. साडी किलोभराचीही नसेल, भाडं दोन किलोचं लागेल. कमी उंचीचा खोका घेणं हा इथला खरा उपाय; सॉफ्टवेअर फक्त तुम्ही भरलेला आकडा गुणतं.

गेटवेचा अर्ज साइट पूर्ण झाल्यावरच करा. पूर्ण पत्त्यासह संपर्क, गोपनीयता धोरण, अटी, परतावा आणि ऑर्डर रद्द करण्याचे नियम, डिलिव्हरीचे नियम, ही पाच पानं उघडून बघतात. 'लवकरच येत आहे' दिसलं की अर्ज परत येतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही द्यावा लागतो. छोट्या धंद्यात तो मालक स्वतःच असू शकतो. खाद्यपदार्थ असेल तर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी आणि उत्पादकाचा पत्ता प्रत्येक मालाच्या पानावर द्या. वायनरीवाल्यांनी साइटवर वाइन कार्टमध्ये टाकायचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा: विक्री उत्पादन शुल्क परवान्यांवर चालते आणि गेटवेही मद्य नाकारतात. द्राक्षमळ्याची भेट, टेस्टिंग, मुक्काम यांचं बुकिंग मात्र खुशाल घ्या.

## एका रविवारची चाचणी

दोन पर्याय उरले की वाद घालत बसू नका, दोन्हींवर एकच पान करून बघा. वर्डप्रेससाठी 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' ब्राउझरमध्येच उघडतं, होस्टिंग लागत नाही. टॅब बंद करण्याआधी काम उतरवून घ्या, नाहीतर जातं. विक्सचा फुकट प्लॅन आणि शॉपिफायची चाचणी मुदत यासाठीच आहे.

१. नमुन्याचा मजकूर ठेवू नका. तुमचा खरा मजकूर आणि मोबाइलवर काढलेले पाच खरे फोटो टाका. टेम्प्लेटमधले परदेशी फोटो काढल्यावरच त्याचा खरा चेहरा कळतो.

२. वरची जोडाक्षरांची ओळ तपासा.

३. चौकशीचा फॉर्म लावा आणि स्वतःच भरून मेल येतो का बघा, स्पॅमचा कप्पाही.

४. आता संगणकापासून उठा. पुढे जो माणूस साइट सांभाळणार आहे, मग ती काउंटरवरची ताई असो की मुलगा, त्याला मोबाइलवरून एक किंमत बदलायला आणि एक फोटो काढून टाकायला सांगा. मधे बोलू नका. तो दहा मिनिटांत अडला, तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही, इतरांना कितीही आवडू दे.

५. शेवटी सगळं बाहेर काढून बघा. एक्सपोर्टची फाइल उघडा आणि काय आलं ते लिहून ठेवा. शॉपिफायमधून माल आणि ग्राहकांची यादी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) मिळते, डिझाइन नाही. वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमध्ये मजकूर आणि फोटोंच्या लिंक येतात, फोटो स्वतः नाहीत. पूर्ण प्रतीसाठी अपड्राफ्टप्लससारखं बॅकअप प्लगइन हवं.

हल्ली होस्टिंग कंपन्या 'एआयने एका मिनिटात साइट' देतात. सुरुवातीचा आराखडा म्हणून वापरा, पण चौथी आणि पाचवी पायरी तिलाही लावा.

## सुरू झाल्यावर कुठे अडतं

पैशांपासून सुरू करू. जाहिरातीतला होस्टिंगचा दर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरल्यावरचा असतो आणि नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होतो. पहिल्यांदा एकच वर्ष घ्या, पाच वर्षांचा एकूण खर्च कागदावर मांडून मगच पुढे जा. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर क्रमांक टाका. परदेशी सेवांचं ऑटो-रिन्यूअल भारतीय कार्डांवर बरेचदा अडतं, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे) नियम लागू आहेत. कार्ड जोडलंय म्हणून निश्चिंत राहू नका. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. डॉट कॉम सवलतीच्या मुदतीतही भरलं नाही, तर पुढचे ३० दिवस ते सोडवायला भला मोठा दंड पडतो, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं.

साइट चालू आहे पण गूगलवर येत नाही, याचं सगळ्यात साधं कारण वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमधली एक खूण. साइट तयार होत असताना सर्च इंजिनांना थांबवण्यासाठी ती केलेली असते आणि काढायची राहून जाते.

फॉर्मचे मेल न येणं हे दुसरं नेहमीचं दुखणं. होस्टिंगवरून थेट निघालेल्या मेलला ओळख नसते, म्हणून जीमेल तो स्पॅममध्ये टाकतं. एसएमटीपी प्लगइन (मेल खऱ्या ईमेल सेवेतून पाठवणारं) लावा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम या मेलची ओळख पटवणाऱ्या नोंदी करा. तोवर फॉर्मच्या शेजारी व्हॉट्सॲपचं बटण ठेवा.

फोटो मोबाइलवरून थेट चढवले तर एकेक चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १,६०० पिक्सेलवर आणा, वेबपी (फोटोच्या फाइलचा हलका प्रकार) करा, २०० केबीच्या आत बसवा. स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच हे करतं. मग गूगलच्या पेजस्पीड इन्साइट्स या वेग तपासणाऱ्या साधनावर मोबाइलचा निकाल बघा.

सशुल्क थीम दोनशे रुपयांत टेलिग्रामवर मिळते म्हणून घेऊ नका. अशा फोडलेल्या थीममध्ये बरेचदा मागचं दार, म्हणजे हॅकरला आत शिरायची छुपी वाट, ठेवलेलं असतं आणि काही महिन्यांनी तुमच्या साइटवरून जुगाराच्या जाहिराती सुरू होतात. प्लगइन लागतील तेवढेच ठेवा, न वापरलेले नुसते बंद न करता काढून टाका, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवून उपयोग नाही. गूगल ड्राइव्हवर पाठवा, आणि एकदा तो परत चढवून बघा.

काम एजन्सीला देत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी हे हातात घ्या: डोमेन आणि होस्टिंगचे लॉगिन, साइटवर तुमच्या ईमेलचं ॲडमिन खातं, सशुल्क थीम-प्लगइनचे परवाने कुणाच्या नावावर आहेत याची यादी, आणि पूर्ण बॅकअपची फाइल. त्यानंतर गूगल सर्च कन्सोलमध्ये (गूगलला तुमची साइट कशी दिसते हे दाखवणारं साधन) साइट स्वतःच्या खात्यातून जोडा, साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) द्या, आणि बिझनेस प्रोफाइलच्या 'वेबसाइट' या जागी नवा पत्ता भरून जुनी लिंक काढून टाका.